सान व्हितालेच्या दारापर्यंत

२६ एप्रिल, शनिवार. अमेरिका, अ‍ॅशबर्न

डॉक्टरांनी रोजचं बीपी लिहून ठेवायला सांगितलं, म्हणून मोनाने शिकागोहून ही डायरी पाठवली. मोना आमची मुलगी, फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे आम्ही दोघं तिचे कायमचे फुकटे पेशंट. बीपी अर्ध्या ओळीत संपतं आणि उरलेलं पान कोरं सोडणं माझ्या जिवावर येतं. जन्मभर डेटा सेंटरमधल्या जनरेटरांचा लॉग लिहिला, आता रिटायर झाल्यावर स्वतःचा लिहितो.

आजची बातमी अशी की दादांचा इटलीचा व्हिसा आला. दादा म्हणजे सुमित्राचे, माझ्या बायकोचे, मोठे भाऊ अनिल. मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. इटलीत राव्हेन्ना नावाच्या गावी सान व्हिताले म्हणून एक चर्च आहे, बायझंटाइन काळातलं, दीड हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या भिंतींवर काचेच्या आणि सोन्याच्या बारीक तुकड्यांची चित्रं आहेत. शिकत असताना दादांनी त्यांचे फोटो पाहिले आणि नोकरी लागल्याबरोबर शाळेच्या कंपाउंडवर फुटक्या फरश्यांचा मोर करून टाकला. नववीतली सुमित्रा फरशीच्या दुकानामागचे तुकडे बादलीतून आणून द्यायची. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलगी दाखवायच्या आधी त्यांनी मला तो मोर दाखवला होता.

आता एवढ्या वर्षांनी भाऊ-बहीण खरं चर्च बघणार. दादा मुंबईहून येणार, आम्ही इथून. मी आणि मोना बॅगा उचलायला.

३ मे, शनिवार

सकाळी हिमानीचा फोन आला. दादांची मुलगी. "काका, बाबांना ॲडमिट केलंय. हार्ट नीट पंप करत नाहीये म्हणतात. पाय केव्हाचे सुजले होते, कुणाला बोलले नाहीत. व्हिसा कॅन्सल होईल म्हणून."

व्हिसा असा कॅन्सल होत नाही. पण त्या माणसाला कोण सांगणार.

सुमित्राने लगेच मुंबईची तिकिटं बघायला घेतली. दुपारी दादांनी स्वतः फोन केला. आवाज खोल गेलेला, पण मास्तरकी शाबूत. "सुमे, इथे येऊन काय करणार? आयसीयूबाहेरच्या बाकावर बसणार. ते काम करायला हिमानी आहे. तू राव्हेन्नाला जा."

"तुझ्याशिवाय?"

"माझ्यासाठी जा. नीट बघ आणि मला सांग. तू सांगितलंस की मला दिसेल."

सुमित्राने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवून लसूण सोलत बसली, भाजीला लागणार होता त्याच्या कितीतरी पट.

५ मे, सोमवार

दोन दिवस घरात हाच एक विषय. मी इटलीच्या बाजूने बोललो. दादांची इच्छा, हिमानी आहे, डॉक्टर चांगले आहेत, वगैरे. सगळं खरंच आहे. पण इथे खोटं लिहून काय मिळवायचं? मला हॉस्पिटलच्या बाकांची धास्ती वाटते. माझे वडील गेले तेव्हा बसलो होतो, तेवढं पुरे झालं.

शेवटी सुमित्रा तयार झाली. अट एकच, रोज दादांना व्हॉइस नोट पाठवायची आणि त्यांनी आपल्या आवाजात उत्तर द्यायचं. "टाइप केलेलं नको," तिने हिमानीला सांगितलं. "आवाज ऐकला की मला कळतं कसा आहे."

११ मे, रविवार. राव्हेन्ना

पोहोचलो. बोलोन्याहून ट्रेनने आलो. गाव सपाट, सगळे सायकलवर, म्हाताऱ्या बायकासुद्धा. सुमित्राने हॉटेलच्या खोलीत आल्या आल्या टेबल पुसलं आणि डबीतला चांदीचा बाळकृष्ण काढून ठेवला. हा देव आमच्याबरोबर ग्रँड कॅन्यनलाही येऊन गेला आहे. त्याला नमस्कार केल्याशिवाय ती पाणी पीत नाही.

संध्याकाळी दादांची नोट आली. धाप लागत होती, तरी धडा घेतलाच. "आधी बाहेरून चक्कर मार. साध्या विटा आहेत, त्या बघ. मग आत जा. आत गेल्या गेल्या फोन काढायचा नाही. आधी डोळ्यांनी." सुमित्राने तीनदा ऐकली. मग म्हणाली, "आवाज बरा वाटतोय ना हो?" मी हो म्हणालो. मोनाने खिडकीबाहेर पाहिलं.

उद्या अकरा वाजता चर्च.

१२ मे, सोमवार, सकाळ

दादा गेले.

मी खाली लॉबीत कॉफी घेत होतो तेव्हा हिमानीचा फोन आला. पहाटे गेले. दुपारी नेणार आहेत. ती रडत नव्हती, भराभर बोलत होती. "काका, आत्याला आत्ता सांगू नका. बाबांनी काल रात्री मला बजावून सांगितलं, मला काही झालं तर सुमीने चर्च बघितल्याशिवाय तिला कळवायचं नाही. तिचं बघणं राहता कामा नये. मी त्यांना शब्द दिलाय."

मीही दिला. दुसरं काय करणार? इथून निघालो तरी दुपारपर्यंत मिरजेला पोहोचणं शक्य नाही. मग दोन-तीन तास थांबल्याने काय बिघडतं?

फोन ठेवला आणि एकदम फॅमिली ग्रुप आठवला. उघडून पाहतो तर सुमित्राच्या मामेभावाने, अंकुरने, 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलेलं. हिमानीला परत फोन लावला, तिने त्याला झापलं असावं, मेसेज लगेच डिलीट झाला. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. सुमित्रा बाथरूममध्ये, फोन पलंगावर पडलेला. थोडक्यात वाचलो. ग्रुपवर एरवी सकाळी फुलं आणि सुप्रभातचा पाऊस असतो, आज एकदम शांत आहे. तेही बरंच झालं.

मोनाला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं. तिचे डोळे भरले, मग ती भडकलीच. "बाबा, दॅट्स हर ब्रदर. शी हॅज अ राइट टु नो."

"मामाची इच्छा होती, बाळा."

"ओके. चर्च, अँड देन यू टेल हर. प्रॉमिस मी."

प्रॉमिस केलं. सुमित्रा डोक्यावरून आंघोळ करून बाहेर आली. काल विमानाचा शीण काढायला केस धुतले होते, आज पुन्हा. सर्दी होईल म्हणून मी ओरडलो. मग मीच तिला खालून चहा आणून दिला, बूट जवळ ठेवले. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चहा पिऊन टाकला.

१२ मे, संध्याकाळ

कसं लिहू कळत नाही. ती आत गेलीच नाही.

चर्चपर्यंत व्यवस्थित चालली. सान व्हिताले बाहेरून अगदी साधं, अष्टकोनी, पातळ तांबूस विटांचं. सुमित्राने आधी बाहेरून पाहिलं, जिथपर्यंत जाता येत होतं तिथपर्यंत. एका ठिकाणी विटांवर हात टेकून उभी राहिली. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आहे. तिकिटं दाखवायची वेळ आली तर ती दारापासून चार पावलांवर थांबली.

"माझा गुडघा धरलाय. तुम्ही दोघं बघून या."

मला वाटलं थट्टा करते आहे. "अगं, आत एक पायरी नाही. सपाट आहे."

"नको हो. मी त्या बाकावर बसते. तुम्ही मला येऊन सांगा."

मी समजावलं. व्हीलचेअर मागतो म्हणालो. मग जरा आवाजही चढवला, समुद्र ओलांडून गुडघा धरायला आलो का म्हणून. मोना गुडघा तपासायला खाली बसली तर तिने पाय मागे घेतला. "जा ना तुम्ही. लोक खोळंबलेत." तिने पर्समधला फोनही काढला नाही. एरवी विमानतळावरच्या कारंज्याचासुद्धा दादांसाठी व्हिडिओ घेतला होता.

आम्ही आत गेलो. बाहेरच्या उन्हातून गेल्यावर आधी काही दिसेना. मग हिरवं दिसलं. वाटलं होतं सगळं सोनेरी असेल, पण पहिल्यांदा जाणवतं ते हिरवं, पाऊस पडून गेल्यावरच्या शेतातलं. वर छताच्या मधोमध निळ्या गोलात चांदण्या आणि एक पांढरं कोकरू. एका भिंतीवर बादशहा आपल्या माणसांसह, समोरच्या भिंतीवर राणी, मोत्यांनी मढलेली. तिच्या शेजारचा सेवक पडदा बाजूला करतोय. एकीकडे झाडाखाली तिघे पाहुणे जेवायला बसलेत आणि झोपडीच्या दारात एक म्हातारी बाई उभी आहे, हनुवटीला हात लावून, आत-बाहेर काही न करता. मोना फोनवर वाचून म्हणाली, "दॅट्स सारा, बाबा. ते तिला सांगतायत की तुला मुलगा होणार." मी त्या बाईकडे बराच वेळ पाहत राहिलो, का ते माहीत नाही.

मला रडू आलं. चित्रांमुळे नव्हे. ज्यांनी हे बघायचं होतं त्यातला एक गेला, एक बाहेर बाकावर बसलेली, आणि ज्याला कोकरू आणि बकरा यातला फरक कळत नाही तो मी मधोमध उभा. मोनाने माझा हात धरला. शेजारच्या जपानी बाईंना वाटलं असेल, केवढा कलाप्रेमी माणूस.

बाहेर येऊन सुमित्राला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि परीक्षकासारखे प्रश्न विचारले. "कोकराच्या गोलाभोवतीची पानं एकाच हिरव्याची आहेत की वेगवेगळ्या?" "सोन्याचे तुकडे सपाट बसवलेत की तिरके?" मला सांगता येईना. दारावरच्या माणसाला हातवारे करून पुन्हा आत गेलो, बघून आलो. "तिरके," मी म्हटलं. "प्रत्येक वेगळ्या कोनात. चाललं की चमक सरकत जाते."

"तरीच," ती म्हणाली आणि डोळे पुसले. इथे हवेत परागकण फार आहेत, मोनालाही त्रास होतोय.

आता घोडं अडलंय. चर्च बघितल्याशिवाय सांगायचं नाही असा शब्द आहे, आणि ती चर्च बघत नाही. मोनाला म्हटलं, उद्या सकाळी गुडघा बरा असेल, उद्या नेऊ, मग सांगू. ती काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं तिच्या आईवर गेलं आहे.

एक बरं आहे. सुमित्राने दिवसभरात दादांचा विषय एकदाही काढला नाही. व्हॉइस नोटचंही विसरली. काढला असता तर माझं तोंडच मला दगा देतं.

१३ मे, मंगळवार

आजही नाही. "तुम्ही सांगितलंत, मला दिसलं. आता पुन्हा कशाला?" मी गुडघ्यासाठी गोळी पुढे केली, तिने घेतली, पण चर्चचं नाव काढलं की नाही. मग मोना तिला जवळच्या दुसऱ्या चर्चला घेऊन गेली, तिथेही बाहेरच थांबली.

खाणं नावाला. दूध, पाव, केळी. काल मोनाने आइस्क्रीम आणलं तर म्हणाली, गोड नको. बाळकृष्णाची डबी कालपासून उघडलेली नाही. प्रवासात देवालाही सुट्टी, म्हटलं, तर नुसती हसल्यासारखं केलं. मला वाटतं तिला दादांच्या तब्येतीची काळजी लागून राहिली आहे आणि माझा मूड जाऊ नये म्हणून ती बोलत नाही. तिला काळजीसुद्धा गुपचूप करायची सवय आहे. अशा माणसाला बातमी कशी द्यायची?

मोना जेवताना उठून गेली. नंतर मला म्हणाली, "आय कान्ट लुक ॲट हर, बाबा. ती मला पोळीवर तूप घालावं तसं बटर लावून देते आणि मी तिच्याशी खोटं बोलते."

१४ मे, बुधवार. विमानात

फ्रँकफर्टला मोना शिकागोच्या विमानाकडे वळली. आईला इतका वेळ मिठी मारून उभी होती की मला भीती वाटली. सुमित्रा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जा शहाणे. सगळं ठीक होतं." मोना जाताना माझ्या कानात म्हणाली, "टेल हर. नो मोअर."

सांगेन. पण ती चर्च न बघताच निघाली, आणि दादांना दिलेला शब्द माझ्या हातून पाळला गेला नाही. सांगणं आणि शब्द मोडणं, यातलं जास्त अवघड कुठलं तेच कळत नाही.

१५ मे, गुरुवार. अ‍ॅशबर्न

हे लिहायला दुपार उजाडली.

सकाळी उठलो तर सुमित्रा डोक्यावरून आंघोळ करून ओट्याशी उभी. देव्हाऱ्यात दिवा लावलेला, बाळकृष्ण डबीतून बाहेर. मला धीर आला. म्हटलं, ही सावरलीय, आता बोलावं. विमानात जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "सुमित्रा, दादा गेले."

ती चहा ढवळत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसलो.

"अंकुरचा मेसेज वाचला मी. मग तो पुसला गेला. मग ग्रुप बंद. मग तुम्ही चहा घेऊन आलात." ती वळली नाही. "तुम्ही आजपर्यंत मला कधी चहा आणून दिलाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आत्ता सांगतील, जेवताना सांगतील. तुम्ही दोघं इतकं जपत होतात, की मला कळलंय म्हटलं असतं तर मोनाला काय वाटलं असतं? तिने त्या सुट्टीसाठी किती धडपड केली होती. तुम्ही सांगितल्याशिवाय मला रडताही येईना."

बाकावर डोळे पुसत होती ते परागकण नव्हते. मी इतका मूर्ख कसा?

"आणि चर्च? गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय. दादाला अजून नेलंसुद्धा नव्हतं. सुतकात देवाच्या दारात जायचं नाही, आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणीलाही तीन दिवस असतात. चर्च झालं म्हणून काय, कुणाचा तरी देवच आहे ना आत? काल संपलं. आज आंघोळ केली आणि दिवा लावला."

मग मी तिला हिमानीचा निरोप सांगितला, शब्दाला शब्द. मला काही झालं तर सुमीने चर्च बघितल्याशिवाय तिला कळवायचं नाही. तिचं बघणं राहता कामा नये.

चमचा ओट्यावर ठेवला तिने.

"दादा असं म्हणाला?"

"हो."

"कधी?"

"जायच्या आदल्या रात्री."

 शेगडी चालूच होती, ती मी उठून बंद केली.

"हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "दादानेच सांगितलंय म्हटल्यावर मी सुतक धरून बसले असते का? गेले असते हो आत. रडत गेले असते, पण गेले असते."

आणि मग ती रडली, त्या तीन दिवसांचं सगळं. मी शेजारी उभा होतो. पाठीवर हात ठेवावा की नाही तेही कळेना. मी शब्द पाळला म्हणून स्वतःला शाबासकी देत होतो, आणि त्या पाळण्यामुळेच ती दारातून परत आली.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आपण पुन्हा जाऊ. पुढच्या मे महिन्यात. फक्त तू आणि मी."

तिने पदराने तोंड पुसलं. "जाऊन काय करू? कुणाला सांगू?"

 ती आतल्या खोलीत गेली आणि अहिल्यावहिनींना, दादांच्या बायकोला, फोन लावला. दार उघडंच होतं. मी गाळून ठेवलेला चहा तसाच राहिला.